जुनी डिझेल जीप-पिकअप घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अंगणात, राजापूर तालुक्यात, एक जुनी जीप-पिकअप उभी असते. बाबांनी ती आंब्याच्या पेट्या आणि खताच्या गोण्या वाहायला घेतली होती. गेली बारा वर्षं तिचं सगळं मी बघते. अशीच गाडी ज्यांच्या दारात आहे ते फोन करतात, घरी येतात आणि बहुतेक वेळा तेच ते प्रश्न विचारतात. त्यांना देते तीच उत्तरं इथे लिहिली आहेत.

ही उत्तरं नेमकी कोणत्या गाडीसाठी आहेत?

मुख्यतः महिंद्राच्या जीप घराण्यातल्या, प्यूजो एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिनवाल्या पिकअपसाठी. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. इंजिन २११२ सीसीचं. पुढे-मागे पाटे, अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि कुठेही कॉम्प्युटर नाही. म्हणूनच ही गाडी घरी दुरुस्त करता येते.

टाटामोबाइल किंवा त्या काळातली दुसरी कुठलीही हीटर प्लगवाली (थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे प्लग असलेली) डिझेल गाडी असेल, तरी इंधन, थंडावा आणि वायरिंगबद्दलचं बहुतेक सगळं लागू पडेल. मात्र डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन बसवून घेतलं असेल, तर हीटर प्लगचा भाग सोडून द्या. त्या इंजिनांना सहसा हे प्लग नसतातच.

घरी कोणती अवजारं हवीत?

पान्यांचे दोन संच घ्या, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा. चेसिस अमेरिकन विलिस जीपच्या वंशातली, म्हणून तिचे बरेच बोल्ट इंचाच्या मापाचे. इंजिन फ्रेंच, त्याचे बोल्ट मिलिमीटरचे. इंचाच्या नटाला ‘जवळपास बसतो’ म्हणून १३ किंवा १४ चा पाना लावला की डोकं गोल होतं आणि मग छिन्नी-हातोडीची वेळ येते. शक्यतो रिंग पाना वापरा, पकड नको.

मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, टॉर्क रेंच, फीलर गेज आणि त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल एवढं असलं की पुरे. मॅन्युअल जुन्या बाजारात मिळालं तर भाव करत बसू नका.

आणि घोडे, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे आधार. यात तडजोड नाही. आमच्याकडे जॅकवर गाडी उचलून अ‍ॅक्सलखाली जांभ्याचे चिरे लावायची सवय आहे. जांभा वरून दाबाने घट्ट वाटतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की भुगा होऊन फुटतो. पायाला चांगला असलेला दगड गाडीखाली जीव घेऊ शकतो. लोखंडी घोडे लावा. ते नसतील तर चाकाच्या रुंदीचे जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा आणि मगच खाली जा. जॅकच्या भरवशावर कधीही नाही.

सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही. हीटर प्लग बदलू का?

आधी मागे जाऊन सायलेन्सर बघा. सेल्फ मारताना कोणाला तरी तिथे उभं करा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, पण पेट घेत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते. धूरच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. तिथे प्लग बदलणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

पांढऱ्या धुराच्या बाबतीतही प्लगआधी सेल्फचा आवाज ऐका. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. सेल्फ रेंगाळत फिरला तर दाबलेल्या हवेची ऊब सिलिंडरच्या लायनरच्या भिंतीत जाते, हवा पिस्टनच्या रिंगमधून निसटते आणि उष्णता साठतच नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावा. ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरीकडे बघा. बॅटरी ठीक असून सेल्फ मंद असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून परत सेल्फ मारा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. कोकणात हे इतक्या वेळा सापडतं की मी आता सगळ्यांत आधी तीच उघडते. पट्टी काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, वायसर बदला, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. चहाच्या कपाच्या किमतीचं काम आहे. त्याऐवजी लोक नवा सेल्फ विकत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता प्लग. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगच्या आट्यावर टेका. दिवा लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. एकच प्लग गेला असेल तर गाडी तीन सिलिंडरवर लंगडत सुरू होते, थोडा वेळ पांढरा धूर टाकते आणि मिनिटभरात सुधारते. चारही एकदम गेल्यासारखे वाटले तर प्लगवर शंका घेऊ नका. त्यांच्यापर्यंत करंट पोहोचतो का, रिले आणि फ्यूज ठीक आहेत का, ते पाहा. अपवाद अगदी जुन्या, एकापाठोपाठ एक जोडलेल्या प्लगांचा. तिथे एक तुटला की सगळेच थंड.

प्लग खोलताना इंजिन कोमट असू द्या. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. अडला तर अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, असं खेळवत काढा. प्लग हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या झाकणात) तुटला तर हेड उतरवावं लागतं.

धूरच नाही, किंवा गाडी चालता चालता गचके देऊन बंद पडते. काय झालं असेल?

इंधनात हवा शिरली असेल किंवा इंधनाची वाट अडली असेल. या गाड्यांच्या रस्त्यावरच्या मुक्कामाचं सर्वांत मोठं कारण हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा) भाग ओढीवर चालतो. तिथे पाइपला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे ‘कुठेही गळत नाही’ यावरून पाइप चांगला असं ठरत नाही. वाळलेले रबरी पाइप, पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वायसर आणि टाकीत उतरणारी गंजलेली नळी, ही हवेची नेहमीची दारं. चढावर तोंड करून उभी केलेली गाडी सकाळी रुसते आणि उतारावरची लगेच सुरू होते, असं असेल तर कारण जवळजवळ नक्की इथेच आहे. खात्री करायची तर फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक प्लॅस्टिक नळी तात्पुरती बसवा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

हवा काढायची रीत अशी. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) दोन फेरे सैल करा आणि हाताच्या प्रायमरने पंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू बंद करा. इंजेक्शन पंपावर असा स्क्रू असेल तर तिथेही तेच. तरीही धरलं नाही तर इंजेक्टरच्या तोंडाशी असलेले पाइपचे नट अर्धा फेरा सैल करा, सेल्फ मारायला सांगा आणि डिझेल दिसायला लागलं की एकेक नट आवळा. या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा. इंजेक्टरचा दाब १०० बारच्या पलीकडचा असतो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण शल्यचिकित्सकाकडे लगेच जावं लागतं.

पाइप ठीक, फिल्टर नवा आणि तरी दर दहा-पंधरा किलोमीटरला बंद पडते? टाकीचं झाकण उघडून बघा. एकदा मे महिन्यात आंबा घाटात, कोल्हापूरच्या बाजाराला निघालेल्या पेट्या मागे असताना, आमची गाडी तीन वेळा थांबली. प्रत्येक वेळी पाच मिनिटं उभी राहिली की पुन्हा सुरू व्हायची. बाबांनी फिल्टर खोलला, हवा काढली, पुढच्याच वळणाला परत तेच. शेवटी डिझेल किती उरलंय ते बघायला झाकण उघडलं आणि ‘सूंऽऽ’ असा आवाज आला. झाकणाचं श्वासाचं भोक चिखलाने बुजलं होतं. पंप डिझेल ओढत होता, पण त्याच्या जागी हवा आत यायला वाट नव्हती. काडीने भोक मोकळं केलं आणि गाडी एका दमात घाट चढली. तेव्हापासून संशयितांच्या यादीत मी झाकण वरच्या ओळीत ठेवते.

पंपावर विजेची सोलेनॉइड (वीज थांबली की डिझेल बंद करणारी झडप) असेल तर तिची तार सुटली की इंधन जागच्या जागी थांबतं. चावी चालू-बंद करताना पंपावर ‘टक्’ ऐकू यायला हवी. ओढायच्या नॉबने बंद होणाऱ्या गाडीत केबल अडकून लिव्हर अर्धवट ‘बंद’कडे राहिलेला नाही ना, ते पाहा.

काळा, निळा, पांढरा: कोणत्या धुराला घाबरायचं?

चढावर भार घेऊन काळा धूर थोडा येणारच. सपाटीवरही येत असेल तर एअर फिल्टर, मग नोझल (इंजेक्टरचं फवारा मारणारं टोक). निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. हे काम थांबू शकतं, पण ऑइलची काडी रोज बघा. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर मात्र गाडी चालवू नका. पुढचं उत्तर वाचा.

घाट चढताना इंजिन तापतं. मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाका. काढू का?

नको. हा सल्ला कोकण-देशावर सगळीकडे मिळतो आणि तो देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नसलेलं इंजिन सपाटीवर नेहमी थंड राहतं. डिझेल नीट जळत नाही, लायनर लवकर झिजतात, आणि घाटात तापायचं ते तापतंच, कारण मूळ दुखणं तसंच असतं. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यात टांगा आणि पाणी उकळा. उघडला तर चांगला, नाही तर नवा घाला.

तापण्याची कारणं मी या क्रमाने बघते. पहिलं, रेडिएटरची जाळी बाहेरून. गवताचं कुसळ, पतंग, लाल धूळ यांचा थर बसतो आणि हवा जातच नाही. इंजिनकडच्या बाजूने पुढे पाणी मारून धुवा, जोराच्या धारेने पापुद्रे वाकवू नका. दुसरं, फॅन बेल्ट. मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण बोटाच्या जाडीएवढा खाली जावा. तिसरं, रेडिएटरचं झाकण. दाब धरून ठेवला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. रबर सुकलं की पाणी लवकर उकळतं. चौथं, रेडिएटर आतून. विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की नळ्यांत चुना साठतो. इंजिन गरम असताना जाळीवरून हात फिरवा, पंख्यापासून सांभाळून आणि शक्यतो इंजिन बंद करून. मधले पट्टे थंड लागले तर त्या नळ्या बुजल्या. मग रेडिएटरवाल्याकडे देऊन रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणं) करून घ्या आणि यापुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा.

हे सगळं नीट असून तापत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. थंड इंजिनवर झाकण उघडून गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून सुरू केल्या केल्या, पाणी गरम होण्याआधीच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. ऑइलच्या काडीवर दुधाळ चहासारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. सेल्फही मारू नका.

हेड उतरवणं घरी जमतं. ते सपाट आहे का हे मशीन शॉपलाच बघू द्या. बसवताना मॅन्युअलमधला क्रम आणि टॉर्क टप्प्याटप्प्याने, अंदाजाने नाही.

रस्त्यात उकळली तर झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. अर्धा तास सावलीत बसा. माणूस भाजलेला मी पाहिला आहे.

ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, किंवा पेडल हळूहळू खाली जातं.

ओढते ती बाजू चांगली असण्याचीच शक्यता जास्त. दोष बहुधा विरुद्ध बाजूला असतो, जिथे व्हील सिलिंडर अडकलाय किंवा ब्रेकच्या लायनरला ग्रीस वा ब्रेक ऑइल लागलंय. तेल प्यालेला लायनर धुऊन, भाजून पुन्हा लावू नका. दोन्ही बाजूंचे नवे घाला, एकाच बाजूचे कधीच नाही.

पाय दाबून धरल्यावर पेडल बुडत असेल आणि बाहेर कुठेच ओलं नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले वायसर गेले. फार जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असतं. तिथे एका चाकाचा सिलिंडर फुटला तर चारही ब्रेक जातात, म्हणून ड्रमच्या आतल्या ओलीकडे दुर्लक्ष करू नका.

पेडल लाकडासारखं कडक लागत असेल तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला मिळणारा व्हॅक्युम तपासा. डिझेल इंजिनला स्वतःचा व्हॅक्युम नसतो, अल्टरनेटरच्या मागे बसवलेला छोटा पंप तो तयार करतो. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, मग पाय दाबून धरून गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. नाही सरकलं तर आधी होज, मग तो पंप.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चाक खोलताना डाव्या बाजूचा नट हलत नसेल तर पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकाकडे बघा. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात आणि स्टडवर ‘एल’ अशी खूण असते. ते नट घड्याळाच्या दिशेने सैल होतात.

पन्नास-साठच्या वेगाला, खड्डा लागला की स्टेअरिंग भयंकर थरथरतं.

अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीचं हे ओळखीचं दुखणं. वेग कमी करत नेला की थांबतं, जोराचा ब्रेक मारू नका. आधी टायर आणि त्यांचं बॅलन्सिंग बघा. मग कोणाला तरी उभ्या गाडीचं स्टेअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक सांध्यावर हात ठेवून चाचपा: टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंक, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश, स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. हललं तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं) किंवा हबचं बेअरिंग सैल आहे. नुसता स्टेअरिंग डॅम्पर बसवला तर थरथर लपते, झीज चालूच राहते.

गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘टण्’ असा आवाज येतो.

प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा. चाकांना अडण लावा, गाडी न्यूट्रल करा, शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसच्या टोप्यांतून गंजाची लाल पूड आली असेल तर तो बदलायचा. काढण्याआधी शाफ्टवर खडूने खुणा करा आणि तसाच परत बसवा. दर महिन्याला ग्रीस मारलं तर क्रॉस वर्षानुवर्षं टिकतो.

गंजाचं काय करायचं?

मासळी वाहिलेली गाडी घ्यायची असेल तर इंजिनआधी चेसिसवर हातोडी टिचकावत फिरा. पेट्यांतलं खारं पाणी हौद्यातून थेट चेसिसवर उतरतं. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर आतून पोखरलंय. पाट्यांच्या शॅकलची जागा, बॉडीचे माउंटिंग आणि केबिनच्या फरशीचे कोपरे आधी बघा.

असलेली गाडी वाचवायची तर चेसिसची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा आणि पावसाळ्याआधी गोड्या पाण्याने खालून धुऊन कोरडी करा. जळकं ऑइल फासायची जुनी रीत आहे. मी ती सोडली. ते रबरी बुश आणि ब्रेकच्या होजवर जातं आणि खाली जमिनीत मुरतं. गंजरोधक प्रायमर आणि अंडरकोट पाच-सहा वर्षं चालतो.

वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवा, अल्टरनेटरच्या तारा काढा आणि डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा.

आताच्या डिझेलने जुना पंप खराब होतो का?

२०२० च्या एप्रिलपासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत दहा) असतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचं अंगचं वंगण कमी होतं, म्हणून त्यात वंगणाचं रसायन घातलेलं असतं. त्यामुळे पंप झिजेल ही भीती मला पटत नाही. मात्र जुन्या डिझेलवर फुगलेली, म्हातारी रबरी सील नव्या डिझेलवर आकसतात आणि पंप गळायला लागतो. तसं झालं तर पंपवाल्याकडे देऊन सील किट बदला. इंजेक्शन पंप घरी खोलू नका, माझ्या मते या गाडीत घरी न करायच्या मोजक्या कामांपैकी हे एक आहे. बाकी बहुतेक सगळं शिकता येतं.

कागदपत्रांचं काय?

खासगी नोंदणी असेल तर १५ वर्षांनी नूतनीकरण, पुढे दर ५ वर्षांनी. मालवाहू नोंदणी असेल तर ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण करही लागतो. पीयूसीला जुन्या डिझेलची धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे. नोझल आणि एअर फिल्टर ठीक असले तर ही इंजिनं त्यात बसतात. जायच्या आधी दहा किलोमीटर चालवून इंजिन नीट गरम करा.

पावसाळ्यात तीन महिने गाडी उभी असते. नंतर सुरू कशी करायची?

उभी करताना टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दव धरत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी अडण लावा. एअर फिल्टरच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर उंदीर संसार मांडतात, आणि ते काढायची आठवण म्हणून स्टेअरिंगला चिठ्ठी बांधा.

दसऱ्याच्या आसपास गाडी बाहेर काढताना घाई करू नका. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून साठलेलं पाणी डिझेल दिसेपर्यंत जाऊ द्या. तारा आणि होज उंदरांनी कुरतडलेत का ते बघा. मग स्टॉप नॉब ओढून धरून, किंवा सोलेनॉइडची तार काढून, सेल्फ दहा-दहा सेकंद मारा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजिन पेटू न देता नुसतं फिरू द्यायचं, ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत. विझला की बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचलं. मग नॉब सोडा किंवा तार परत जोडा, हीटर लावा आणि सुरू करा.